रेसची तार आणि सुती कासरा

मोटार दुरुस्त करता येते असं मला स्वतःला वाटत असे. मोटारीला तसं वाटत नसे. आमच्या या मतभेदात घरच्यांनी नेहमी मोटारीची बाजू घेतली. कारण मी बॉनेट उघडून बसलो की गाडी पुन्हा मिटेपर्यंत एखादा नट माझ्या हातात उरायचाच. तो कुठला, हे मलाही सांगता यायचं नाही. बायको काही न बोलता तो उचलून देवळीत ठेवायची. तिचं ते काही न बोलणं मला फार लागायचं.

गाडी विलायती, लढाईच्या आधीची. एका जिनिंगवाल्या मालकानं नवी घेतली तेव्हा जुनी माझ्या गळ्यात मारली. मी ती गोठ्यात बैलांशेजारी बांधली. बांधली म्हणजे खरंच बांधली, ब्रेक धरत नव्हता म्हणून. माझ्या वडिलांनी पहिल्याच दिवशी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, खाते, धुपते, दूध मात्र देत नाही. त्यानंतर ते तिच्यात कधी बसले नाहीत. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण शेतात जायचं तर स्वतः दमणी, म्हणजे बैलांची हलकी गाडी, जुंपून, स्वतः कासरा धरून. दुसऱ्याच्या हातातला कासरा त्यांना चालत नसे.

त्यांना एकदा याच गाडीत घालून वाशीमला न्यावं लागलं, त्या दिवसाची ही गोष्ट. माझ्या तोंडून ती घरच्यांनी इतक्यांदा ऐकली आहे की मी सुरुवात केली की एकेक जण कामाला उठून जातो. म्हणून आता लिहून काढतो. कागद उठून जात नाही.

दिवस शिमग्याच्या आधीचे. तुरी घरात आल्या होत्या, हरभरा खळ्यात होता. सकाळी बाबा अंगणात दिसले नाहीत म्हणून मी माजघरात गेलो, तर ते भिंतीला पाठ लावून, गुडघे पोटाशी घेऊन बसलेले. चेहरा राखेसारखा. काय झालं विचारलं तर म्हणाले, पोट दुखते. हाताने जागा दाखवली ती पोटाच्याही खाली होती. मी धोतरावरूनच हात लावून पाहिला. मडकं पालथं घालावं तसं टणक लागलं. मग त्यांनी भिंतीकडे तोंड करून, मला ऐकू येईल न येईल अशा आवाजात सांगितलं की काल दुपारपासून लघवीचा एक थेंब उतरला नाही.

हे फक्त मला सांगितलं. घरात बाकी सगळ्यांसाठी ते पोटदुखणंच राहिलं. सुनेच्या कानावर तर ते जाणं शक्यच नव्हतं. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको बाबांसमोर कपाळाखाली पदर ओढल्याशिवाय आलेली मला आठवत नाही, आणि दोघांचं बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं. बाबा भिंतीला सांगायचे, पाणी पाहिजे म्हणा. ही भिंतीला सांगायची, ठेवलं म्हणा. तरी त्या सकाळी मी स्वयंपाकघरात गेलो तेव्हा चुलीवर मोठ्या पातेल्यात पळसाची फुलं उकळत होती. आमच्याकडे लघवी अडली की ओटीपोटावर पळसाच्या फुलांचाच शेक देतात. दुसऱ्या कुठल्याही पोटदुखीला नाही. मी पातेल्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "पोट दुखते म्हनून टाकली." मी म्हणालो, बरं केलंस.

शेक दिला. काही झालं नाही. बाबा आता बोलायचे बंद झाले होते, नुसता श्वास ओढत होते आणि मधेच दातांतून एक आवाज यायचा. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. आमच्याच गावात काही वर्षांपूर्वी एक म्हातारे असेच अडले होते. त्यांना नेऊ नेऊ म्हणता दोन रात्री गेल्या, आणि मग नेण्यासारखं काही राहिलं नाही. मी त्यांच्या तिरडीला खांदा दिला होता.

वाशीमच्या डॉक्टरांकडे रबरी नळी आहे हे मला ठाऊक होतं. जायचं कसं, एवढाच प्रश्न. जऊळक्याची रेल्वे सकाळीच निघून गेलेली. मालेगावहून वाशीमला जाणारी सर्व्हिस मोटार आमच्या फाट्यावर कधी थांबायची, कधी नाही, आणि फाटा गावापासून दोन कोस. तेव्हा आधी दमणीच जुंपली. गवत घातलं, त्यावर गाद्या घातल्या, बाबांना उचलून ठेवलं. बैल चार पावलं चालले, चाक एका दगडावर चढून उतरलं, आणि बाबांच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती ऐकून बैलसुद्धा आपणहून थांबले. त्यांना परत उतरवून घेतलं.

राहिली माझी मोटार. तिला स्प्रिंगा होत्या, गादी होती. तिला मिरवायची संधी मी इतकी वर्षं शोधत होतो, आणि आली ती अशी.

हँडल मारून मारून माझा खांदा उतरला तेव्हा ती सुरू झाली. बंद पडू नये म्हणून मी धावत जाऊन पाय दाबला. घाईत जरा जास्तच दाबला असेल. टक् असा आवाज आला आणि पायाखालची पट्टी तळाला जाऊन पडली.

ज्यांच्या घरी मोटार नाही त्या शहाण्या माणसांसाठी सांगतो. पायाखालच्या पट्टीपासून इंजिनापर्यंत एका नळीतून बारीक पिळाची तार गेलेली असते. पाय दाबला की ती तार ओढली जाते, पेट्रोल सोडणाऱ्या कारबोरेटरचा छोटा कान उघडतो आणि इंजिनाला जोर येतो. पाय काढला की एक स्प्रिंग तो कान मिटवते. हिला रेसची तार म्हणतात. ती तुटली तर इंजिन चालतं, पण नुसतं बसल्या जागी पुटपुटत राहतं. आमच्या गाडीनं तेच केलं. पुटपुटत फाटकापर्यंत गेली, समोरचा टीचभर चढ पाहिला आणि उसासा टाकून थांबली.

मग मी अंगणातच तार बदलायला बसलो. इंजिनाची थोडी रेस कायमची वाढवून ठेवायचा एक स्क्रू असतो, पण त्याचं डोकं मी आधीच्या एका दुरुस्तीत गोल करून ठेवलं होतं, म्हणून त्याचं नाव काढण्यात अर्थ नव्हता. तुटलेली तार नळीतून ओढून काढली. गाठ मारली तर तार आखूड पडायची, आणि गाठ नळीत शिरायची नाही. गावात एकच सायकल, मास्तरांची. तिच्या ब्रेकची तार मागावी म्हणून आमच्या सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राहिलेल्या गड्याला, पळवलं. तो अख्खी सायकलच घेऊन आला. तिचे ब्रेक सळईचे होते, तिच्यात तार म्हणून नव्हतीच. मग कुडाला बांधलेली लोखंडी तार सोडवली आणि ती नळीत घालायला लागलो. अर्ध्यापर्यंत गेली आणि वळणावर अडली. मी जोर केला. तार वाकली, नळीचे वेटोळे उलगडले, आणि तारेबरोबर नळीही गेली.

घरातून तो दातांतला आवाज येत होता. आता तो थांबून थांबून यायचा, आणि थांबला की मी हातातलं सोडून कान लावायचो. ऊन अंगणात पसरलं होतं. माझे हात ग्रीसनं माखलेले, बोटं सोललेली. मला वाटायला लागलं की माझा बाप या अंगणात, माझ्या डोळ्यांदेखत, एका वीतभर तारेवाचून मरणार आहे.

 सालदाराची बोली वर्षाची म्हणायची, पण मी लहान असल्यापासून तो आमच्याकडे होता. तो मघापासून नुसता उभा होता. त्यानं विचारलं, "मालक, तो कान नुसता ओढाचाच हाये ना? मंग तारच काहून पायजे? दोरीनं नाई ओढता येत?"

 मी उठून दमणीवरचा कासरा सोडला. चांगला सुती, पिळाचा. त्याचं एक टोक कारबोरेटरच्या कानाला बांधलं, बॉनेटच्या फटीतून कासरा वर काढला. त्या गाडीची समोरची काच खालून बाहेर उघडायची. तिच्यातून कासरा आत घेतला. आतून ओढला. इंजिन गुरगुरलं. सोडला. शांत झालं. मला रडू आलं.

पण धरायचा कुणी? स्टिअरिंगला दोन्ही हात लागायचे, गिअर टाकायचा तर एक हात काढून, शिवी देत. मी कासरा दातात धरून पाहिला. गाडीनं एक उडी मारली, मी मान मागे घेतली, मान मागे घेतल्यानं कासरा आणखी ओढला गेला, आणि गाडी दुसरी उडी मारून गोठ्याच्या कुडाला लागली. समोरचे दोन दात तेव्हापासून हलतात.

तेव्हा ठरलं की सालदारानं माझ्या शेजारी बसून कासरा धरायचा. त्याच्याइतका बैलांवर हात असलेला माणूस पंचक्रोशीत नव्हता. मी त्याला नीट समजावलं. ओढलं की पळते, सोडलं की थांबते. तो हो म्हणाला. दोनदा म्हणाला. बाबांना मागच्या गादीवर आडवं केलं. आई नव्हती, म्हणून गरम शेकाचं पातेलं सांभाळायला बायको आली. ती मागेच, खाली पाय ठेवायच्या जागेत, बाबांकडे पाठ करून आणि पदर नाकापर्यंत ओढून बसली.

गावाबाहेर आलो. खरं सांगतो, गाडी चालली. मी म्हणायचो ओढ, तो ओढायचा. मी म्हणायचो सोड, तो जरा विचार करून सोडायचा. त्या जरा विचार करण्याकडे माझं लक्ष जायला हवं होतं. मागून बाबा क्षीण आवाजात म्हणत होते, मले उतरवा, झाडाखाली ठेवा, कायले हाल करता. मी मागे न पाहता म्हणत होतो, आलंच, आलंच. काय आलं होतं देव जाणे.

मग नाला लागला. उतार, खाली वाळू, पलीकडे चढ. आम्ही उताराला लागलो आणि समोरून कडब्याची गाडी खाली उतरताना दिसली. मी ब्रेक दाबला. ब्रेकनं आपला स्वभाव सोडला नाही. मी ओरडलो, सोड.

सालदारानं पन्नास वर्षं जे केलं तेच केलं. गाडी थांबवायची होती, म्हणून त्यानं दोन्ही पाय समोरच्या पत्र्याला लावले, अंग मागे टाकलं आणि कासरा छातीपर्यंत खेचला. "होऽ, होऽ" म्हणून चुचकारत होता. इंजिन पिसाळलं. मी सोड सोड म्हणून ओरडत होतो, आणि गाडी जितकी जास्त पळत होती तितका तो जास्त जीव लावून तिला थांबवत होता. कडब्याच्या गाडीला कशी चुकवली ते मला आठवत नाही. आम्ही वाळूत शिरलो, पलीकडच्या काठाला नाक लावलं, आणि इंजिन बंद पडलं.

मागे बाबा एकदा ओरडले आणि गप्प झाले. मी वळून पाहिलं. डोळे मिटलेले, ओठ निळे. बायकोनं पातेलं धरून ठेवलं होतं, आणि तिचा दुसरा हात बाबांच्या छातीवर होता. गाडीतून फेकले जाऊ नयेत म्हणून तिनं त्यांना दाबून धरलं होतं. सुनेनं सासऱ्याला हात लावल्याचं मी पहिल्यांदा पाहत होतो. श्वास चालू होता.

सालदार कासरा हातात घेऊन बसला होता आणि त्याच्या गालावरून पाणी वाहत होतं. म्हणाला, "मले समजते मालक. पन हातच आयकत नाई."

 माझी स्वतःची मान तरी कुठे ऐकली होती? कडब्याचा गाडीवान उतरून आला होता. तो म्हणाला मी धरू का, आणि मी त्याच्या हाताकडे पाहिलं. कासऱ्यानं पडलेले तेच घट्टे. आमच्या मुलखात जन्मलेल्या कुठल्याही बाप्याच्या हातात कासरा दिला तर संकट दिसलं की तो ओढणारच. मला एकदम सगळं संपल्यासारखं वाटलं. परतीला गाव, पुढे वाशीम, मधे वाळूत आम्ही, आणि बाबांचा तो दातांतला आवाजही आता येत नव्हता. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

मागून बाबांचा आवाज आला. डोळे मिटलेलेच होते.

"सुनबाईच्या हातात दे."

 तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे पदर माझ्या दिशेला वळला. मग ती उतरली, पातेलं सालदाराच्या हातात दिलं आणि पुढे येऊन माझ्या शेजारी बसली. सासऱ्याच्या देखत नवऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं म्हणून अंग चोरून पार दाराला चिकटली. मी पुन्हा तेच समजावलं, ओढलं की पळते, सोडलं की थांबते. मी वाट पाहत होतो की ही घाबरेल. ती हलक्या आवाजात म्हणाली, "हे तं पायन्याच्या दोरीवानी हाये."

 चार लेकरं तिनं पाळण्याच्या दोरीवर वाढवली होती. एका हातानं निवडणं-टिपणं आणि दुसऱ्या हातात दोरी. ओढली की पाळणा हलतो, सोडली की निजतो. तिच्या आयुष्यात दोरी ओढून कधी काही थांबलंच नव्हतं.

सालदारानं आणि गाडीवानानं ढकललं, मी हँडल मारलं, आम्ही काठावर चढलो, आणि सालदार मागे बायकोच्या जागी बसला. आता हे खोटं वाटेल, पण पहिला अर्धा कोस गाडी झोके घेत गेली. हिचा हात सवयीनं ओढ-सोड, ओढ-सोड करायचा, आणि आम्ही सगळे पुढे-मागे डुलायचो. मी म्हणालो, अगं, निजवायचं नाही कुणाला. ती म्हणाली, मंग कसं, आजारी पोराले धरते तसं? आणि दोरी एकाच ताणावर धरली. गाडी सरळ चालायला लागली.

पक्का रस्ता लागला तसा वारा आला. उघड्या काचेतून थेट तोंडावर. तिचा पदर फडफडला, कपाळावरून मागे सरला, मग खांद्यावर पडला. दोन्ही हातात कासरा. तिनं खांदा उचलून हनुवटीनं पदर पकडायचा प्रयत्न केला. कासरा हलला, गाडीला हिसका बसला, मागे बाबा कण्हले. तिनं एकदम दोरी सैल सोडली. गाडी मंदावली. मला दिसलं की ती एक हात सोडायच्या बेतात आहे.

"पदर राहू दे, पोरी," मागून बाबा म्हणाले. "रस्ता पाह्य."

भिंतीला नाही म्हणाले. तिलाच म्हणाले.

त्यानंतर वाशीमपर्यंत ती उघड्या डोक्यानं बसली होती. केस सुटून वाऱ्यावर उडत होते, डोळ्यांतून धुळीनं पाणी येत होतं. कासऱ्याच्या पिळानं तळहात सोलून निघाला होता, तरी तिनं ताण सोडला नाही. समोरून बैलगाडी दिसली की मी काही बोलायच्या आतच तिचा हात सैल व्हायचा. वाटेत बायाबापे थांबून पाहत होते. मी दर थोड्या वेळानं विचारायचो, बाबा? उत्तर आलं नाही की सालदार मागून सांगायचा, आहेत. एकदा त्यालाही सांगायला वेळ लागला. तो वेळ मी अजून विसरलो नाही.

डॉक्टरांच्या दारात गाडी थांबवली तेव्हा डॉक्टर जेवायला बसले होते. कंपाउंडर म्हणाला थांबा. मी काय बोललो मला माहीत नाही, पण डॉक्टर उष्ट्या हातानंच बाहेर आले, गाडीत वाकून बाबांच्या पोटाला हात लावला आणि काही न विचारता आत न्यायला सांगितलं. दार लागलं. आम्ही ओट्यावर बसलो. मी, बायको, आणि खाली पायरीवर सालदार. तिनं आता पदर पुन्हा पार नाकापर्यंत ओढून घेतला होता.

आत भांड्यांचा आवाज झाला. डॉक्टर काहीतरी दटावून बोलले. बाबा एकदा मोठ्यानं कण्हले. मग बराच वेळ काहीच नाही. सालदारानं डोळे मिटून हात जोडले होते.

आणि मग आतून कलईच्या भांड्यात धार पडल्याचा आवाज आला. आधी थोडीशी. मग एकसारखी. थांबेल थांबेल म्हणता थांबेचना. आपल्या बापाच्या लघवीचा आवाज ऐकून कुणी रडलं असेल असं मला वाटत नाही, पण मी गुडघ्यात डोकं घालून हुंदके देऊन रडलो. सालदार पायरीवर बसून रडला.

बायको भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं काही ऐकलं नव्हतं. ऐकायचं नव्हतंच. आवाज बंद झाला तेव्हा तिनं भिंतीलाच विचारलं, "मामाजीचं पोट दुखाचं थांबलं का?"

"थांबलं," मी म्हणालो.

"बरं झालं," ती म्हणाली. "पोटाचं दुखनं लय वाईट."

दार उघडून कंपाउंडर बाहेर आला. हातात टॉवेलनं झाकलेलं भांडं होतं आणि चेहऱ्यावर थोडा वैताग. म्हणाला, आत म्हातारबुवा पाणी द्या म्हणून मागे लागले आहेत. मी लोटा घेऊन उठलो, तर म्हणाला, त्यांना नाही. बाहेर सून बसली आहे म्हणतात, तिनं सकाळपासून पाणी घेतलं नाही, तिला द्या.